पेडण्याच्या किनाऱ्यावर पहिलं वर्ष: तिथी पाहून फिरायला कसं शिकावं

मोरजी, मांद्रे, हरमल, पालये, केरी. पेडणे तालुक्यातल्या या किनारी गावांत अलीकडे पुण्या-मुंबईची, कोल्हापूर-बेळगावची बरीच मराठी मंडळी राहायला आली आहेत. कोणी घरून काम करतं, कोणी मोपाच्या विमानतळावर नोकरीला असतं, कोणी निवृत्तीनंतर दोन खोल्या घेऊन राहतं. त्यांचं साधारण एकच होतं. पहिले पंधरा दिवस रोज संध्याकाळी समुद्र, मग शनिवार-रविवारी समुद्र आणि पुढे पाहुणे आले तरच. विचारलं तर म्हणतात, रोज तेच तर असतं.

रोज तेच नसतं. फक्त ते घड्याळाप्रमाणे सहा वाजता दिसेल असंही नसतं. इथला किनारा चंद्रावर चालतो आणि शेत पावसावर. आपण त्यांच्या वेळेला गेलो तरच दिसायला लागतं. वर्षभर तेवढी सवय कशी लावायची, ते खाली क्रमाने लिहिलं आहे. उदाहरणं मोरजी-मांद्रे भागातली आहेत, पण केरीपासून कळंगुटपर्यंत थोड्याफार फरकाने लागू पडतील.

आधी वाट ठरवा, ठिकाणं नकोत

नवा माणूस 'बघण्यासारख्या जागा' विचारतो. त्यापेक्षा घरापासून चालत जाता येईल अशी तासा-दीड तासाची एकच वाट धरा आणि ती वर्षभर सोडू नका. कालची जागा आज पाहिली तरच बदल कळतो. रोज नवी जागा पाहिली तर नुसतंच सौंदर्य दिसतं आणि ते लवकर संपतं.

वाट मात्र चोखंदळपणे निवडा. तिच्यात निदान तीन तऱ्हेची जमीन यायला हवी: पुळण (समुद्रकाठची वाळू), माडांचं भाट (बाग) किंवा शेतमळा, आणि पाण्याची एखादी कड, म्हणजे खाडी, व्हाळ (ओढा) नाही तर खाजण (खाडीकाठची बांध घातलेली सखल जमीन). मांद्र्याला राहणाऱ्याला हे सोपं आहे, कारण तिथे गाव आणि पुळण यांच्या मधूनच एक व्हाळ समुद्राला समांतर वाहतो. मोरजीत तेंबवाड्याच्या बाजूला शापोरा नदीचं मुख आहे. केरीला तेरेखोलची खाडी, सुरूंची रांग आणि मागे सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार), तिन्ही हाकेच्या अंतरावर. हरमलला डोंगराच्या पोटात समुद्राला खेटून गोड्या पाण्याचं तळं आहे. तिथे हंगामात गर्दी फार असते, म्हणून सूर्योदयाच्या सुमारास जा.

भिंतीवरची दिनदर्शिका हे पहिलं साधन

दुर्बीण नंतर घ्या. आधी तिथीची दिनदर्शिका टांगा.

दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. रोज त्या साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. कोकणात यासाठी जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल तो पूर्ण भरतीचा तास. पंचमी असेल तर पाचाचे पाऊणपट म्हणजे पावणेचार. पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या आसपास भरती पुरी होणार. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधराच्या हिशेबाने सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. भरती दक्षिणेकडून वर येते, त्यामुळे मुंबईपेक्षा आपल्याकडे ती आधी लागते. या हिशेबातून अर्धा-पाऊण तास वजा धरा. हा ढोबळ हिशेब आहे. मिनिटाची खात्री हवी असेल तर मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे तक्ते पाहा. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, तेही त्यात दिसेल.

आता याचा फिरण्याशी संबंध बघा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती पावणेअकराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी पाचच्या आसपास, पहाटेही आणि संध्याकाळीही. शिवाय ते उधाणाचे दिवस, पाणी वर जितकं चढतं तितकंच खाली उतरतं. त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस संध्याकाळी पुळणीवर गेलात तर एरवी पाण्याखाली असणारा पट्टा उघडा मिळतो. खडक, तिसऱ्यांची (खाण्याच्या शिंपल्यांची) वाळू, खेकड्यांच्या वसाहती, सगळं. उलट अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची चढउतार कमी असते आणि संध्याकाळी सहाला भरती पायाशी आलेली. तेव्हा पुळणीवर तुम्हाला सूर्यास्त आणि पाणीपुरीच्या गाड्या दिसतील. अशा दिवशी शेताकडे, खाजणाकडे किंवा सड्यावर जावं.

म्हणजे महिन्याचं वेळापत्रक आपोआप तयार झालं. चतुर्थीपर्यंत पुळण, सप्तमी ते एकादशी मळा आणि सडा, मग पुन्हा पुळण. हे दोन महिने पाळलं की दिनदर्शिका न पाहताही नुसत्या चंद्राच्या कोरीवरून पाणी कुठे असेल ते सांगता येतं. गावातल्या रापणकारांना (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांना) आणि तिसऱ्या काढणाऱ्या बायांना ते येतंच.

बरोबर काय घ्यायचं

फार काही नाही. पाणी, टोपी, खिशात मावेल अशी वही, पेन्सिल (पेनाची शाई दमट हवेत पसरते). पुळणीवर चपला चालतात. सड्यावर आणि शेताच्या मेरेवर (बांधावर) मात्र बंद बूट हवेत, आणि संध्याकाळ होणार असेल तर विजेरी. दुर्बीण परवडली तर आठ बाय बेचाळीसची घ्या. मोठा कॅमेरा पहिल्या वर्षी घरीच ठेवा असं मी सांगेन. कॅमेरा हातात असला की माणूस फक्त पक्षी बघतो, आणि तेही फोटोला बसणारेच.

पुळण वाचणं

ओहोटीला पाण्याकडे तोंड करून न चालता पुळण आडवी कापत चाला. समुद्राच्या कडेपासून सुरूंपर्यंत चार पट्टे लागतात.

पहिला ओल्या, कडक वाळूचा. इथे मुगाएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी दिसेल, एका बिळाभोवती किरणांसारखी पसरलेली. ते इवल्या खेकड्यांचं काम. ओली वाळू तोंडात घालायची, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घ्यायचं, उरलेल्याची गोळी करून मागे टाकायची. भरती येईपर्यंत अख्खा पट्टा भरतो, मग सगळं पुसलं जातं. दोन मिनिटं न हलता उभे राहिलात तर खेकडे बाहेर येतात. सावली हलली की गायब.

दुसरा पट्टा भरतीची रेघ. लाटेने जे आणून टाकलं ते इथे थांबतं, म्हणून ऋतू कळायला ही रेघ सर्वांत उपयोगी. मे महिन्यात आणि पावसाच्या सुरुवातीला काळे, चिकट डांबराचे गोळे दिसतात. ते समुद्रातल्या तेलाचे असतात. तळव्याला लागले तर साबण हरतो, खोबरेल तेल चोळा. पावसाळ्यात निळ्या फुग्यासारखा, लांब धाग्यांचा जीव वाहून येतो. तो मेलेला दिसला तरी त्याचे धागे डसतात, मुलांना हात लावू देऊ नका. डसलाच तर चोळायचं नाही. समुद्राच्या पाण्याने धुवायचं आणि काडीने धागे काढायचे. पावसाळा सरताना निळ्या गोल बटणांसारखे छोटे जीव येतात, ते सहसा त्रास देत नाहीत. हिवाळ्यात शिंपले, शंख आणि रापणीतून फेकलेली बारीक मासळी, आणि त्यावर टपलेल्या ब्राह्मणी घारी.

तिसरा कोरड्या वाळूचा पट्टा. इथे मोठ्या, फिकट खेकड्यांची बिळं असतात, आणि हिवाळ्यात चिखल्यांचे थवे माणसांच्या पावलांच्या खळग्यांत वाऱ्याकडे तोंड करून बसतात. आधी काहीच दिसत नाही, मग एक हलतो आणि अख्खी वाळू पळायला लागते.

चौथा वाळूच्या टेकड्यांचा. मर्यादवेल जांभळ्या फुलांनी जमीन धरून ठेवते. तिच्याजवळ रावणाच्या मिशा नावाचं टोकदार गवत असतं. त्याचे काटेरी गोळे उन्हाळ्याच्या वाऱ्यावर पुळणीभर गडगडत जातात आणि बी पेरतात. मागे केवडा, निगडी, उंडी. या टेकड्या म्हणजे वाळूचा साठा आहे. पावसाळ्यात लाटा पुळण खातात आणि वाळू आत ओढून नेतात, ऑक्टोबरनंतर हळूहळू परत आणून टाकतात. टेकडी शाबूत असली तर मागचं गाव सुरक्षित राहतं. म्हणून किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत त्यांना संरक्षण आहे, आणि म्हणूनच त्या सपाट करून खाटा मांडलेल्या दिसल्या की माझं डोकं फिरतं. तुम्ही निदान एवढं करा: टेकडीवरून चढून जाऊ नका, आधीपासूनच्या पायवाटेने जा.

एक सोपा प्रयोग पहिल्याच महिन्यात सुरू करा. ठरावीक जागी, ठरावीक माडाशेजारी उभं राहून सूर्य कुठे बुडतो ते पाहा आणि वहीत खूण करा. डिसेंबरात तो डावीकडे, दक्षिणेला मावळतो आणि सहाच्या सुमारासच. जूनमध्ये ढगांनी दया दाखवली तर बराच उजवीकडे आणि सातनंतर. मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य माथ्यावरून जातो. दुपारी साडेबाराच्या सुमारास अंगणात उभ्या ठेवलेल्या तांब्याची सावली त्याच्याच बुडाखाली शिरते.

कासवांच्या महिन्यांत

गोव्यात कासवं प्रामुख्याने चार पुळणींवर येतात: उत्तरेला मोरजी आणि मांद्रे, दक्षिणेला आगोंद आणि गालजीबाग. येणारी जात ऑलिव्ह रिडले. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा अंडी घालण्याचा काळ. मादी रात्री येते, वाळू उकरून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत जाते. पिल्लं दीड-दोन महिन्यांनी बाहेर पडतात. ती नर होणार की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं. जास्त ऊब मिळाली तर माद्या.

पहाटे फिरणाऱ्याला मादीच्या पायांचा माग दिसू शकतो. पाण्यातून वर गेलेला आणि पुन्हा खाली आलेला, दोन-अडीच फूट रुंद, दोन्ही बाजूंना आळीपाळीने पडलेल्या वल्ह्यांच्या खुणा. दिसला तर त्यावर चालू नका, खणून तर अजिबात पाहू नका. मोरजीच्या तेंबवाड्यात वनखात्याची माणसं हंगामभर असतात, त्यांना सांगा. ती घरट्याभोवती कुंपण करतात. कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंड्यांना हात लावणं हा गुन्हा आहे.

आणि उजेड. पिल्लू वाळूतून वर आलं की जिकडे उजळ दिसेल तिकडे पळतं. माणूस नव्हता तेव्हा उजळ म्हणजे समुद्रच. आता गावाकडचे दिवे जास्त उजळ असतात. त्या महिन्यांत रात्री पुळणीवर विजेरी फिरवू नका, मोबाइलचा दिवा लावून फोटो काढू नका. किनाऱ्याला लागून घर असेल तर समुद्राकडचे दिवे बंद ठेवा. कुत्रा असेल तर त्याला साखळीवर ठेवा. मोकळी कुत्री घरटी उकरतात, आणि तिथे बहुतेक वेळा आपलीच लाडकी असतात.

भांगाचे दिवस: व्हाळ, खाजण, मळा

समुद्रापासून पाच-दहा मिनिटं आत गेलं की दुसरंच जग सुरू होतं आणि तिथे पर्यटक नसतात. खाजण म्हणजे खाडीच्या कडेला बांध घालून मिळवलेली सखल जमीन. बांधाला मानस असते, लाकडी झडपांचं दार. ओहोटीला आतलं पाणी झडपा ढकलून बाहेर जातं. भरतीला बाहेरचं पाणी त्याच झडपा दाबून बंद करतं. कोणी उघडझाप करायला नको. पावसाळ्यात आत कोरगुट भात होतं, ते खारं पाणी सोसतं. भात निघालं की मासळी. गावकऱ्यांनी शेकडो वर्षं ही व्यवस्था राखली आहे, म्हणून बांधावरून चालताना त्याची माती ढासळवू नका, आणि मानशीजवळ जाळं लागलेलं असेल तर लांबूनच पाहा. तिथल्या मासळीचा हक्क लिलावाने दिलेला असतो.

उभं राहायला मानस हीच सर्वांत चांगली जागा. ओहोटी लागली की आतलं पाणी मासळी घेऊन बाहेर येतं आणि सगळे बगळे तिथे गोळा होतात. वंचक, गाय बगळे, राखी बगळा. तारेवर खंड्या. हिवाळ्यात काळ्या टोपीचा खंड्याही कांदळात दिसतो, निळा आणि पोटाशी तांबूस. चिखलात निवट्या उड्या मारतात आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे ती वर-खाली हलवत बसतात, ते सगळे नर. तुमचं नशीब चांगलं आणि तोंड बंद असेल तर पाणमांजरांचं कुटुंबही दिसेल. पहाटे, मासळी खाताना. बांधावर खवल्यांनी भरलेली, उग्र वासाची विष्ठा दिसली तर ती त्यांची.

वर्षाचा पंचांग म्हणून वंचक पाहत जा. एरवी मातकट, मेंगळट दिसणारा हा बगळा मे-जूनमध्ये पाठीवर गडद तांबडा होतो. गाय बगळ्याचं पांढरं डोकं त्याच वेळी नारिंगी होतं. हे रंग चढले की छपराची कौलं परतून घ्यायची राहिली असतील तर घाई करा.

पुढे आगरवाड्याला मिठागरं आहेत. पावसाळ्यात पाण्याखाली, नंतर चिखल मळून तयार केलेले चौकोन, आणि उन्हाळ्यात मिठाचे पांढरे ढीग. मिठागराच्या मेरांवर शेकाट्या आणि तुतवार जवळून दिसतात. मेर नाजूक असते. काम करणाऱ्यांना विचारल्याशिवाय पाय ठेवू नका. "काका, हांगासून वचूं?" (इथून जाऊ का?) एवढं कोकणीत विचारलंत की बहुतेक वेळा ते स्वतःच चार गोष्टी दाखवतात.

वर्ष कसं फिरतं

बहुतेक लोक ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू. भात पिवळं झालेलं असतं, दुपारी गडगडाट होतो, रात्री सातविणीचा उग्र वास गावभर. नव्या माणसाला पहिल्या रात्री तो आवडतो, आठवड्याने डोकं दुखतं. हळद्या पिवळाधमक होऊन माडांत येतो. निळ्या शेपटीचे वेडे राघू तारांवर. नोव्हेंबरपासून शापोऱ्याच्या मुखाशी कुरवांचे थवे उतरू लागतात. यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवरून आलेले. पण आल्यावर त्यांचं डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागे एक काळसर ठिपका तेवढा. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोक्यावर रंग भरू लागतो, म्हणजे निघायची वेळ झाली. त्यांच्यात सुरय मिसळलेले असतात. शांत सकाळी मुखाबाहेर डॉल्फिनची पाठ दिसते. ती बघायला होडी करायची गरज नाही, केरीच्या किंवा तेरेखोलच्या काठावरून अर्धा तास पाण्याकडे पाहत बसा.

डिसेंबर-जानेवारीत आंब्याला मोहोर, काजूला गुलाबी-पांढरी फुलं, सकाळी दव. भात निघालेल्या रेताड मळ्यांत मिरची, अळसांदे, रताळी. हरमलच्या मिरचीला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं. फेब्रुवारीत तांबड्या फुलांचा हंगाम सुरू होतो: काटेसावर, पांगारा, पळस. फुललेल्या पांगाऱ्याखाली सकाळी अर्धा तास थांबलात तर दुर्बिणीशिवाय दहा जातींचे पक्षी मोजता येतील. त्यात भोरड्यांचा गोंगाट सगळ्यांत मोठा.

सुरंगीसाठी मात्र पहाटेच उठायला हवं. तिच्या फांद्यांना थेट बुडापासून फुलं चिकटलेली असतात. कळ्या सूर्य वर यायच्या आत काढतात, वळेसार (गजरे) करून विकतात. झाडाखाली चादर अंथरलेली दिसली तर मालक वर चढलेला आहे असं समजा. मधमाश्यांचा आवाज इतका असतो की झाड दिसायच्या आधी ऐकू येतं.

मार्च ते मे काजूची बोंडं. डोंगरउतारावर आंबूस गोड वास, हुर्राकच्या (बोंडांच्या दारूच्या) भट्ट्या. एप्रिलपासून पावशा ओरडायला लागतो, रात्रीसुद्धा. बहावा पिवळा. भिरंडं (कोकमाची फळं) पिकून लाल. या दिवसांत फिरायचं ते सकाळी आठच्या आत, नंतर दमट हवेत चालण्यात काही मजा नाही.

पावसाळा: समुद्राला पाठ करून

मोसमी पाऊस गोव्यात सरासरीने 5 जूनच्या सुमारास येतो. त्याआधी मेच्या अखेरीस, वळिवाची एखादी सर पडली की काळोख्या पाणंदींत काजवे. पहिला दणकून पाऊस झाला की शेतात बेडकांचा बाजार. मोठ्या बेडकाचे नर त्या दिवसांत लिंबासारखे पिवळे होतात आणि गळ्याचे निळे फुगे फुगवून ओरडतात. काही लोक विजेऱ्या घेऊन ते पकडायला येतात. बेडूक पकडणं, विकणं, खाणं कायद्याने गुन्हा आहे, आणि कोणी तसला बेत जेवायला सुचवला तर नाही म्हणा. मृगात मखमली लाल किडे दिसतात. वाळूच्या कोरड्या, माळरानाच्या जागा त्यांच्या.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, आणि तुम्हीही पाण्यापासून दूर राहा. लाल निशाण लागलेलं असताना पाय भिजवायलाही उतरू नये. पुळण अरुंद झालेली असते आणि लाट खडकावर कुठवर येईल ते सांगता येत नाही. एरवी वाळूने बंद असलेली व्हाळांची तोंडं फुटतात. काल जिथून ओलांडलं तिथे आज कमरेपर्यंत ओढ असते.

म्हणून या महिन्यांत वाट उलटी करा, मळ्याकडे. लावणी, मग हिरवा रंग, मग माडावर सुगरणींची घरटी. बांधाकडेला टायकिळा आणि तेरें उगवतात, बाजारात फागलां येतात. भाजी ओळखून देणारं कोणी घरचं असल्याशिवाय रानातलं काही तोडू नका. अळंबीच्या बाबतीत तर बिलकूल नाही. पायाला जखम असेल तर शेताच्या पाण्यात उतरू नका, लेप्टोचा धोका असतो.

सापांचं एकदाच सांगून ठेवतो. नाग, मण्यार (इथे तिला कांडर म्हणतात), घोणस आणि फुरसं, चारही आपल्याकडे आहेत. फुरसं सड्यावर दगडांखाली असतं. दगड उलटवायचे नाहीत, गवतात हात घालायचा नाही. दंश झाला तर कापाकापी, बांधाबांधी न करता 108 ला फोन आणि सरळ सरकारी रुग्णालय. रापणीत कधी सागरी साप येतो, वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचा. तो सुस्त दिसतो म्हणून हातात धरून फोटो काढणारे पाहिले आहेत. त्याचं विष जहाल असतं, आणि आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस त्याच्यावर बनवलेलीच नाही.

गणेश चतुर्थीच्या आधीचे आठ दिवस ही वनस्पती शिकण्याची सर्वांत चांगली संधी. गणपतीवर माटोळी बांधतात, त्यासाठी रानातली फळं-फुलं-वेली बाजारात येतात: कांगलं, शेरवड, घागऱ्या, कवंडळ, वाघनखी. पेडण्याच्या बाजारात विकणाऱ्या मावशींना नावं विचारा, वहीत लिहा, आणि मग आपल्या वाटेवर ती झाडं शोधा. वाघनखी म्हणजे कळलावी. तिचा कंद विषारी आहे.

सडा

जांभ्या दगडाचा सडा मेमध्ये तव्यासारखा तापलेला आणि ओसाड. त्याच दगडावर जुलैपासून इंचभर मातीत आणि उथळ डबक्यांत गालिचा उगवतो. आधी शेवाळ आणि कोवळं गवत, मग पांढरे गेंद, निळसर सीतेची आसवं, पिवळा कवला, गुलाबी तेरडा. सीतेची आसवं कीटकभक्षी आहेत. पाण्याखालच्या बारीक पिशव्यांत ती सूक्ष्म जीव अडकवतात. दगडात पोषण नाही, म्हणून हा उद्योग. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर हा भर. ऑक्टोबर निम्मा झाला की सगळं गवताखाली जातं आणि वाळतं.

चालायचं ते उघड्या दगडावरून. गालिच्यावर पाय पडला की फूल फक्त मोडत नाही, त्याखालची मातीही सुटते आणि ती परत जमायला फार काळ लागतो. शेवाळलेला जांभा घसरडा असतो. आणि ऑक्टोबरच्या दुपारी गडगडू लागलं तर सडा लगेच सोडा, तिथे तुमच्यापेक्षा उंच काहीच नसतं.

वहीत काय लिहायचं

तारीख, तिथी, पाणी चढतं की उतरतं, वारा जमिनीकडून की समुद्राकडून, आणि तीन गोष्टी. फक्त तीन. नाव माहीत नसेल तर चित्र काढा किंवा 'तांबड्या पायांचा, टिवटिव, शेपूट हलवतो' असं लिहा, नाव नंतर मिळतं. ई-बर्डवर पक्षी आणि आयनॅचरलिस्टवर झाडं-किडे टाकता येतात. तिथले लोक ओळख पटवून देतात आणि नोंद अभ्यासकांच्या उपयोगी पडते. मात्र कासवाचं घरटं, पाणमांजराचं बीळ, समुद्री गरुडाचं घरटं असलेलं झाड यांची नेमकी जागा कुठेही उघड करू नका. आयनॅचरलिस्टवर जागा झाकण्याची सोय आहे, ती वापरा. समाजमाध्यमावर टाकायचंच असेल तर गावाचं नावही नको, 'उत्तर गोवा' पुरे.

पहिल्या वर्षी नोंदी विस्कळीत होतील, पावसाळ्यात तर चार-चार आठवडे सुटतील. दुसऱ्या वर्षी त्याच तारखेशेजारी दुसरी नोंद लिहिता यावी म्हणून वहीचं उजवं पान आत्तापासून कोरं सोडा.